मोटारखरेदी आणि भावाची घासाघीस

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत भावाची घासाघीस करणें हें कमीपणाचें लक्षण मानण्याची एक जुनी चाल आहे. मंडईंत दोन-पांच रुपयांकरितां हुज्जत घालणारी गृहिणी घरांतील पुरुषांच्या थट्टेचा विषय होते. परंतु तेच पुरुष आठ-दहा लक्ष रुपयांची मोटार घ्यावयास निघाले म्हणजे काचेच्या दालनांत, गार हवेंत, चहाचा पेला हातांत घेऊन, समोरच्या तरुणानें पुढें केलेल्या कागदावर मुकाट्यानें सही करून परत येतात. कोथिंबिरीच्या जुडींत वांचलेले पांच रुपये घरच्या हिशेबाच्या वहींत दिसतात. मोटारींत गेलेले तीस-चाळीस हजार मात्र कोठेंच दिसत नाहींत, कारण ते गेले हेंच कोणास कळलेलें नसतें. हा विषय आतां केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाहीं. रहिमतपुरासारख्या गांवींहि पेठेंतील वाड्यापुढें मोटार उभी असते. आणि ती बहुधा कोणा एकाच्या नव्हे, तर सर्व घराच्या पुंजींतून आलेली असते. कोणाचा भविष्यनिर्वाह निधि, कोणाची मोडलेली ठेव, कोणा मुलानें पुण्याहून धाडलेली शिल्लक, असें सर्व मिळून तें धन जमलेलें असतें. अशा धनाचा व्यय डोळे उघडे ठेवून करणें यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ही भीड आली कोठून, याचा विचार केला तर तिचें मूळ स्वभावापेक्षां इतिहासांत सांपडतें. स्वातंत्र्यानंतर सुमारें पस्तीस वर्षें या देशांत मोटार विकत घेणें म्हणजे नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें, असा प्रकार होता. कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना, बंगाल्यांतील हिंदुस्थान मोटर्स व मद्रासेकडील स्टँडर्ड, एवढ्यांवरच सर्व देशाची भिस्त होती. १९६९ सालीं तर सरकारनें मोटारींच्या किंमती स्वतःच ठरवून दिल्या, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७१ सालीं त्याचा निकाल लागला. जेथें गिऱ्हाइकें शंभर आणि गाड्या दहा, तेथें भाव कोण करणार? पुढें १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. आणि आज सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, पुणें अशा कोणत्याहि शहरीं जावें, तर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेलीं शोरूमें रस्त्याच्या दुतर्फा दिसतात. काळ पालटला, परंतु एकत्र कुटुंबांत ज्यांचा शब्द अखेरचा असतो त्या वडील मंडळींच्या मनांत “गाडी मिळाली हेंच भाग्य” ही जुनी समजूत अद्यापि घर करून आहे, आणि विक्रेत्याचा निम्मा लाभ त्या समजुतींतच सांठलेला असतो.

वास्तविक आमच्या भागास सौदा करण्याची विद्या नवी नाहीं. पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत बैलांचा बाजार ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ती विद्या ठाऊक आहे. तेथें शेतकरी एकटा जात नाहीं. जाणता माणूस बरोबर नेतो. बैलाचें तोंड उघडून दोन दांत, चार दांत कीं जुळलेला, हें पाहिल्यावांचून किंमतीची गोष्टच काढीत नाहीं. चालवून पाहतो, आणि चार दावणी हिंडल्यावर मग दलाल रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणेनें भाव सांगतो. रुमालाचा हेतु असा कीं, शेजारच्या गिऱ्हाइकास आपला भाव कळूं नये. मोटारीच्या शोरूमांतहि रुमाल आहेच; फक्त तो दिसत नाहीं. एकाच गाडीचा भाव सकाळच्या गिऱ्हाइकास एक व सायंकाळच्या गिऱ्हाइकास दुसरा पडतो, आणि दोघांची गांठ पडत नसल्यामुळें दोघेहि समाधानानें घरीं जातात. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे रुमाल उचलणें. रुमाल उचलावयाचा म्हणजे किंमतीच्या प्रत्येक कलमाचा निरनिराळा आंकडा कागदावर लिहून मागावयाचा.

तीं कलमें कोणतीं, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें कलम ‘एक्स-शोरूम’ किंमतीचें. ही कंपनीनें ठरविलेली असते व तींत वस्तु-सेवा कर समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबीच्या, आणि पेट्रोलवर १२०० सी.सी. पर्यंतच्या किंवा डिझेलवर १५०० सी.सी. पर्यंतच्या लहान गाड्यांस शेंकडा १८, त्याहून मोठ्यांस शेंकडा ४० व विजेवरील गाड्यांस शेंकडा ५, असे ते दर आहेत. पूर्वीं लहान पेट्रोल गाडीवर शेंकडा २८ कर व त्यावर शेंकडा १ उपकर, असे २९ पडत. म्हणजे करापूर्वीं ५,००,००० रुपये मोलाची गाडी पूर्वीं ६,४५,००० रुपयांस पडे, ती ५,९०,००० रुपयांस पडूं लागली. या सवलतींत विक्रेत्याची कृपा कांहीं नाहीं. म्हणून करकपातीचा आंकडा ‘आमची सूट’ म्हणून कोणी दाखवूं लागल्यास त्यास नम्रपणें थांबवावें. विक्रेत्याची खरी सूट ती, जी या किंमतीच्या खालीं तो उतरतो.

दुसरें कलम राज्याच्या मोटारकराचें व नोंदणीचें. येथें घासाघीस चालत नाहीं, व करूंहि नये. व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या १० लक्षांपर्यंतच्या गाडीवर महाराष्ट्रांत पेट्रोलसाठीं शेंकडा ११ व डिझेलसाठीं शेंकडा १३ एकरकमी कर पडतो. खासगी मोटारीची केंद्रीय नियमांप्रमाणें नोंदणी-फी ६०० रुपये, आणि कर्ज असल्यास बोजा चढविण्याची फी १,५०० रुपये आहे. हे आंकडे सरकारी असल्यामुळें सर्व शोरूमांत सारखेच असावयास पाहिजेत, ‘आर.टी.ओ. खर्च’ या एका नांवाखालीं ते फुगलेले दिसले तर पावती मागावी. येथें ग्रामीण वाचकांस उपयोगी पडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कित्येकांची अशी समजूत आहे कीं, साताऱ्याची म्हणजे ‘एम्‌.एच्‌. ११’ ची पाटी हवी असेल तर गाडी साताऱ्यासच घेतली पाहिजे. तसें नाहीं. कर सर्व राज्यांत एकच आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें राज्यांतील कोणत्याहि नोंदणी-अधिकाऱ्याकडे नोंदणी करण्याची मोकळीक मिळाली आहे. म्हणून रहिमतपूरच्या माणसानें कऱ्हाड, कोल्हापूर, पुणें येथील लेखी भाव मागवावे. त्यास कोणताच अडथळा नाहीं. गाडीची किंमत १० लक्षांवर असल्यास विक्रेता शेंकडा १ प्रमाणें प्राप्तिकराची आगाऊ वसुली करितो. ती रक्कम बुडत नाहीं, वार्षिक विवरणपत्रांत तिची वजावट मिळते. पेन्शनर मंडळी ही वजावट मागावयास विसरतात, म्हणून हा उल्लेख.

तिसरें कलम विम्याचें. आणि गिऱ्हाइकाची गांठ बहुतकरून येथेंच सैल होते. विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचे दर सरकार ठरवितें. जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांप्रमाणें १००० सी.सी. पर्यंतच्या गाडीस ६,५२१ रुपये व १००० ते १५०० सी.सी. पर्यंत १०,६४० रुपये, असा तीन वर्षांचा हप्ता कराखेरीज ठरला. त्यांत कमीअधिक होत नाहीं. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा, तो एकेका वर्षाचा घेतां येतो, व त्याचा हप्ता निरनिराळ्या कंपन्यांचा निरनिराळा असतो. शोरूमचा विमा पुष्कळदां महाग पडतो, कारण त्यांत विक्रेत्याचाहि वांटा असतो. ‘विमा आमच्याकडूनच घेतला पाहिजे’ अशी सक्ती विक्रेत्यास करितां येत नाहीं. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक नियमांत तसें स्पष्ट आहे. तेव्हां त्याच संरक्षणाचा दुसरीकडील भाव आधीं काढून खिशांत ठेवावा. दुसरीकडे विमा घेतल्यास कंपनीची सूट मिळणार नाहीं, असें कोणी म्हणाल्यास तें वाक्य तेवढें लिहून द्या म्हणावें. बहुधा तें लिहिलें जात नाहीं.

चवथें कलम किरकोळ म्हणविणाऱ्या खर्चाचें. ‘हॅण्डलिंग’ अथवा ‘लॉजिस्टिक्स’ या नांवानें पांच-दहा हजार रुपये मांडलेले असतात. गाडी कारखान्यांतून दुकानांत आणणें व ती पुसून उभी करणें हा विक्रेत्याच्या धंद्याचाच भाग आहे. तो खर्च कोणत्याहि सरकारी फींत मोडत नाहीं. त्याचेंच भावंड म्हणजे ‘ॲक्सेसरीज’चा संच, म्हणजे पायपुसणीं, आसनांचीं आवरणें, चकाकी टिकविणारा लेप इत्यादि. यांतील हवें तें घ्यावें. परंतु संच सक्तीचा नाहीं, आणि त्यांतील पुष्कळ वस्तु बाजारांत निम्म्या-पाऊण भावांत मिळतात.

हीं सर्व कलमें निरनिराळीं कां पाहावयाचीं, हें आमच्या पेठेंतील एका एकत्र कुटुंबाच्या हकीकतीवरून ध्यानांत येईल. तिघे भाऊ, त्यांचीं मुलें-सुना, आणि ऐंशी वर्षांच्या आजी. आजींना डोळ्यांच्या उपचारासाठीं वरचेवर साताऱ्यास न्यावें लागे, म्हणून सर्वांनीं मिळून मोटार घेण्याचें ठरविलें. दोन शहरांतील दोन शोरूमांचे कागद आले. पहिल्यानें सूट ४०,००० रुपये लिहिली होती, दुसऱ्यानें २५,०००. थोरल्या बंधूंनीं अर्थात्‌ पहिल्याकडे जाण्याचें ठरविलें, व तेथें ते सही करण्याच्या बेतांत असतां बरोबर आलेली त्यांची धाकटी सून, जी एका शाळेंत गणित शिकविते, हळूच म्हणाली, “मामंजी, जरा थांबावं. हा कागद मी एकदां पाहूं का?”

“अगं, पंधरा हजारांनीं स्वस्त आहे. पाहायचं काय त्यांत?”

“सूट जास्त आहे, मामंजी, गाडी स्वस्त नाहीं.” तिनें कागदाच्या पाठीवर आंकडे मांडले. विमा दुसरीकडच्याहून १४,००० नीं अधिक, हॅण्डलिंग ६,५००, न मागितलेला ॲक्सेसरीजचा संच २२,०००, बेरीज ४२,५००. म्हणजे ४०,००० ची सूट देऊन शोरूमनें उलट २,५०० परत घेतले होते. दुसऱ्याच्या कागदावर यांपैकीं कांहींच नव्हतें. म्हणून तेथील गाडी एकंदर २७,५०० रुपयांनीं स्वस्त पडत होती.

विक्रेता तरुण गोरामोरा झाला. “ताई, हें सगळीकडे असंच लावतात,” तो म्हणाला.

“असेल. आपल्यावर आमचा राग नाहीं. पण हीं तीन कलमं काढून जो आंकडा येईल, तो साहेबांना विचारून लिहून आणा.”

तो आंत गेला व पाव तासानें दोन कलमें सबंध खोडून व तिसरें निम्मे करून आला. अखेरीस गाडी कोठून घेतली हें महत्त्वाचें नाहीं. थोरले बंधु परततांना गाडींत बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, “यापुढें घरांतले मोठे कागद सूनबाईनं पाहिल्याशिवाय सही नाहीं.” आमच्या मतें त्या दिवशीं त्या घरांत मोटारीपेक्षांहि मोलाची वस्तु आली.

कित्येकदां मात्र विक्रेत्याची सूट देण्याची इच्छा असूनहि त्याचे हात बांधलेले असतात, आणि याचें एक मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. मुंबईखेरीज उरलेल्या महाराष्ट्राच्या विभागांतील डीलरांस कंपनीनें ठरविलेल्या मर्यादेपलीकडे सूट देऊं दिली जात नाहीं, अशा आशयाचें एक निनांवी पत्र भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलें. तें स्वतः एका मारुती डीलरचें असावें, असें त्यावरून दिसत होतें. चौकशींत असें आढळलें कीं, खोटीं गिऱ्हाइकें शोरूमांत पाठवून अधिक सूट कोण देतो हें हुडकून काढीत, आणि सांपडलेल्या डीलरास व त्याच्या नोकरांस दंड बसे. आयोगानें २३ ऑगस्ट २०२१ रोजीं मारुती सुझुकीस २०० कोटि रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीनें अपील केलें, व अपील न्यायाधिकरणानें दंडाचा दहावा भाग भरण्याच्या अटीवर त्यास स्थगिती दिली. ह्युंदाईवर २०१७ सालीं अशाच आरोपाखालीं बसलेला ८७ कोटींचा दंड तर २०१८ सालीं अपिलांत रद्दहि झाला. न्यायाचा भाग न्यायालयें पाहतील. ग्राहकानें घ्यावयाचा बोध एवढाच कीं, “याहून एक रुपया कमी होत नाहीं” हें वाक्य सर्वकाळ खोटें नसतें. पण रोख सूट थांबली तरी विमा, हॅण्डलिंग, वाढीव हमी यांच्या रूपानें सवलत मागतां येते. उलट कांहीं कंपन्यांनीं घासाघीसच बंद केली आहे. मर्सिडीझ-बेंझनें ऑक्टोबर २०२१ पासून या देशांत सर्वत्र एकच भाव ठेवून गाडी कंपनीकडूनच विकण्याची पद्धत सुरू केली.

वेळेचाहि विचार केला पाहिजे. महिन्याच्या व तिमाहीच्या अखेरीस विक्रीचा ठरलेला आंकडा गांठण्याची विक्रेत्यास घाई असते. डिसेंबरांत तर अधिकच, कारण १ जानेवारी उजाडतांच दुकानांतील गाडी एका वर्षानें जुनी ठरते. म्हणून डिसेंबरची मोठी सूट पाहून हुरळूं नये. पुढें गाडी विकतांना तें वर्ष किंमतींत मोजलें जातें. नोंदणीपुस्तकांत गाडी कोणत्या महिन्यांत व वर्षीं बनली याची नोंद येते. पैसे पुरे भरण्यापूर्वींच ती तारीख विचारावी, व प्रत्यक्ष गाडी दाखवून घ्यावी. बैलाचे दांत पाहण्यासारखेंच हें आहे.

आणि मुहूर्त! दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया यांस गाडी घरीं आणावी ही इच्छा योग्यच आहे. पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यांत शोरूमांत शिरून “दसऱ्यालाच पाहिजे” असें सांगणारा गिऱ्हाईक आपला हुकुमाचा पत्ता स्वतःच उलटा टाकतो. भाव महिनाभर आधीं ठरवावा, लेखी घ्यावा, आणि मुहूर्तास केवळ गाडी आणावी. २०२५ सालीं करकपात लागू झाली तो दिवस घटस्थापनेचा होता. तिची घोषणा आधीं झाली असल्यामुळें जे थोडे दिवस थांबले त्यांस मुहूर्तहि साधला व पैसाहि वांचला. थांबण्याचें बळ हें सौद्यांतील सर्वांत मोठें भांडवल होय.

कर्ज काढावयाचें असल्यास आणखी एक सूत्र ध्यानांत धरावें. शोरूममधला मनुष्य व्याज ‘फ्लॅट’ शेंकडा ७ सांगतो, व बँकेचा ९ किंवा १० ऐकून आपणांस तें स्वस्त वाटतें. समजा, ६,००,००० रुपये ५ वर्षांसाठीं घेतले. शेंकडा ७ प्रमाणें ५ वर्षांचें व्याज २,१०,०००, एकूण ८,१०,०००, दरमहा हप्ता १३,५००. परंतु मुद्दल दरमहा फिटत असतांहि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर मोजलें गेलें. म्हणून घटत्या मुद्दलावर हाच दर सुमारें शेंकडा १२॥ होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तपशिलाचें पत्रक देणें आवश्यक आहे, व त्यांत सर्व खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. तोंडचा दर ऐकूं नये. त्या पत्रकांतील दर वाचावा.

जुनी गाडी बदलून नवी घ्यावयाची असेल तर ते दोन स्वतंत्र सौदे आहेत, हें विसरूं नये. प्रथम नव्या गाडीचा भाव पुरा ठरवावा. मग जुनीची गोष्ट काढावी. दोन्ही एकत्र केले म्हणजे एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें केव्हां काढून घेतलें, हें समजत नाहीं.

शेवटीं थोडें नीतीविषयीं. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत देशी मालावर व्यापाऱ्यास शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० नफा नेमून दिला आहे. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा त्यास मान्य होता, आणि त्याची मर्यादाहि. तीच वृत्ति आपण ठेवावी. दुसऱ्या शोरूमनें न दिलेला भाव दिल्याचें सांगूं नये. खोटें बोलून मिळविलेली सूट मुलांदेखत मिळविलेली असते, आणि मुलें सूट विसरून खोटें तेवढें लक्षांत ठेवितात. समोरचा तरुण कोणाचा तरी मुलगा आहे व पगारावर काम करितो. त्याच्याशीं शब्द गोड असावे, आंकडे मात्र स्पष्ट असावे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वीं ती परत मिळण्याच्या अटी लिहून घ्याव्या. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. आणि फसवणूकच झाली तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राचा १९१५ हा दूरध्वनि-क्रमांक आहे, हें जाणून असावें. घरांतील ज्यास हिशेब उत्तम येतो त्यास, मग तो वयानें लहान असो वा सून असो, बरोबर न्यावें. शोरूमांत जाण्यापूर्वींच घरीं बसून आपला अखेरचा आंकडा सर्वांच्या संमतीनें ठरवावा, आणि तो ओलांडला जात असेल तर चहाबद्दल आभार मानून उठावें. उठून आलेल्या गिऱ्हाइकास दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूरध्वनि येतो. तो आला नाहीं, तरी दुसरें शोरूम आहेच.